मधे पन्नास किलोमीटर पाणी : जपान आणि दक्षिण कोरियाच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
जपान–कोरिया संसद सदस्य संघ आणि कोरिया–जपान संसद सदस्य संघ यांचे सर्व सन्माननीय सदस्य,
टोकियो व सोल

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली बावीस वर्षे जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. गेल्या नऊ वर्षांपासून कोरियन भाषेचेही काम घेते. चाकण, रांजणगाव, तळेगाव आणि नगर रस्त्यावरचे सुपे या औद्योगिक वसाहतींत जपानी आणि कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे मराठी उद्योजकही पुष्कळ आहेत. त्यांच्या बैठकांत बसून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचवणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. दुभाष्याने स्वतःचे मत मध्ये घालायचे नसते, हा या कामाचा पहिला नियम आहे आणि तो मी आजवर पाळत आले. आपल्या दोन देशांच्या संबंधांविषयी मात्र आता माझे स्वतःचे म्हणून काही सांगायचे आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मी विचार याच भाषेत करते आणि इथे जपानी-कोरियन शिकणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. दोन्ही भाषांतले अनुवाद मी स्वतः करून आपल्या कार्यालयांकडे पाठवत आहे.

पंतप्रधानांना किंवा राष्ट्राध्यक्षांना न लिहिता आपल्याला लिहिण्यामागे कारण आहे. 2018 ते 2025 या आठ वर्षांत जपानने पाच पंतप्रधान पाहिले आणि कोरियाने तीन राष्ट्राध्यक्ष. या काळात संबंध इतके बिघडले की दोन सरकारे एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि नंतर इतके सुधारले की नेते वर्षातून दोनदोनदा भेटू लागले. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यंग टोकियोला गेले, सप्टेंबरच्या अखेरीस पंतप्रधान इशिबा शिगेरू बुसानला आले, आणि ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झालेल्या ताकाइची सानाए यांनी त्याच महिन्यात ग्यॉन्गजूमध्ये ली यांची भेट घेतली. हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पण ज्या संबंधांची तब्येत दोन व्यक्तींच्या जमण्या-न जमण्यावर अवलंबून असते, त्यांचा भरवसा कुणी किती धरावा? आपले संघ 1970 च्या दशकापासून, पक्ष आणि सरकारे बदलली तरी टिकून आहेत. म्हणून मला जे मागायचे आहे ते मी आपल्याकडे मागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण दोघांनी इतिहासाचा प्रश्न आणि व्यापाराचा प्रश्न एकाच दोरीने बांधून ठेवला आहे. त्यामुळे एका बाजूला जखम झाली की दुसरी बाजू आपोआप ओढली जाते. जपानने व्यापाराचा उपयोग इतिहासाच्या वादातले हत्यार म्हणून केला, आणि दोन्ही सरकारांनी वेळोवेळी पैसे किंवा करार पुढे करून इतिहासाचा विषय कायमचा मिटल्याचे जाहीर केले. या दोन्ही गोष्टींनी नुकसान झाले आहे. ही दोरी सोडवण्याचे काम संसदांचे आहे, असे मला वाटते.

जुलै 2019 मध्ये मी चाकणजवळच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात काम करत होते. तिथली मशिन जपानी होती आणि त्यांवर निघणारा जॉब कोरियन गिऱ्हाइकासाठी होता. एक जपानी सर्व्हिस इंजिनिअर आणि एक कोरियन क्वालिटी इन्स्पेक्टर तिथे तीन आठवड्यांसाठी आले होते. दोघे रोज कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर बसायचे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचे, आणि वरणात तूप घालायचे की नाही यावर माझे मत विचारायचे. जपानने कोरियावर निर्यातीचे निर्बंध जाहीर केले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघे त्याच टेबलावर बसले, पण दिवसभर फक्त माझ्यामार्फत बोलले. एरवी मला कुणी मध्ये घेत नसे त्या बाबतीतही, म्हणजे फिक्श्चरचा एक बोल्ट सैल आहे एवढे सांगायलाही, त्यांनी मला बोलावले. कुणी कुणाला वाकडा शब्द बोलले नाही. पण दोन माणसांच्या मध्ये उभे राहून मला इतके अवघडल्यासारखे कधी झाले नव्हते.

त्या निर्बंधांची हकिकत आपल्याला माहीत आहे, पण मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 30 ऑक्टोबर 2018 रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वसाहतकाळात, म्हणजे 1910 ते 1945 मधल्या जपानी राजवटीत, जबरदस्तीने कामाला जुंपलेल्या चार मजुरांना प्रत्येकी 10 कोटी वॉन भरपाई द्यावी, असा आदेश एका जपानी पोलाद कंपनीला दिला. निकाल लागला तेव्हा त्या चौघांपैकी एकच जण हयात होता, तोही नव्वदी पार केलेला. जपान सरकारचे म्हणणे असे की दोन देशांचे संबंध पुन्हा सुरू करणाऱ्या 1965 च्या करारात सर्व दावे पूर्णपणे आणि अंतिमतः मिटले आहेत. न्यायालयाचे म्हणणे असे की बेकायदा राजवटीतील छळाबद्दलचा व्यक्तीचा हक्क त्या करारात आलेलाच नाही. यानंतर आठ महिन्यांनी, 1 जुलै 2019 रोजी, जपानने फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड या तीन पदार्थांची कोरियाला होणारी निर्यात कडक परवान्यांखाली आणण्याचे जाहीर केले. सिलिकॉनच्या चकतीवर चिपचा नकाशा उमटवायला, ती कोरायला आणि धुवायला, तसेच मोबाइलचा पडदा बनवायला हे पदार्थ लागतात. कोरियाचा सगळा चिप उद्योग त्यांवर चालतो. ऑगस्टमध्ये विश्वासू देशांच्या यादीतूनही कोरियाचे नाव काढले गेले. कारण सुरक्षेचे सांगितले होते. तरी त्या वेळच्या जपानी नेत्यांची विधाने ऐकलेल्या कुणालाही न्यायालयाच्या निकालाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मग कोरियात बहिष्कार सुरू झाला. जपानच्या स्वतःच्या व्यापार आकडेवारीत ऑक्टोबर 2019 मध्ये कोरियाला झालेली बिअरची निर्यात शून्य दिसते. कोरियाने लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार मोडण्याची घोषणा केली आणि अगदी शेवटच्या दिवशी ती थांबवली. कोरियन कंपन्यांनी हे पदार्थ घरी बनवायला किंवा दुसरीकडून आणायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षे एकाच गिऱ्हाइकाला माल देणाऱ्या जपानी उत्पादकांचे गिऱ्हाईक तुटले. ते पदार्थ बनवणाऱ्यांनी किंवा बिअर पाठवणाऱ्यांनी त्या मजुरांवर अन्याय केला नव्हता. निर्बंध मार्च 2023 मध्ये उठले आणि जुलैमध्ये कोरियाचे नाव यादीत परत आले; म्हणजे चार वर्षांनी सगळे जिथल्या तिथे आले. त्या चार वर्षांत न्याय कुणालाच मिळाला नाही.

या सगळ्याचा सर्वांत जास्त फटका कुणाला बसला, हे मला त्सुशिमा बेटावर कळले. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका कामासाठी फुकुओकाला गेले असताना मी दोन दिवस काढून त्या बेटावर गेले होते. हे जपानचे बेट बुसानपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. जपानची मुख्य बेटे त्यापासून याहून लांब आहेत. तीस हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटावर 2018 साली चार लाखांहून अधिक कोरियन पर्यटक आले होते. हिताकात्सु बंदराजवळच्या एका छोट्या खाणावळीत मी दुपारी जेवले. भिंतीवरची पदार्थांची यादी हाताने कोरियन लिपीत लिहिलेली होती, आणि लिहिणारीला ती लिपी नुकतीच येऊ लागली असावी, कारण एका पदार्थाचे नाव खोडून दुरुस्त केलेले होते. दुपारी साडेबारा वाजता त्या खाणावळीत मी एकटीच होते. मालकीणबाईंनी मला सांगितले की कोरियन अक्षरे शिकायला त्यांना दोन हिवाळे लागले. ती यादी त्यांनी खाली उतरवली नव्हती. मी विचारले नाही, तरी त्या म्हणाल्या की उतरवली तर परत लावायला हात धजणार नाही.

बेटाच्या उत्तर टोकाला एक टेहळणीचा मनोरा आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून बुसानच्या इमारती दिसतात. त्याच्या शेजारी एक स्मारक आहे. 1703 साली बुसानहून निघालेले कोरियन दुभाष्यांच्या शिष्टमंडळाचे जहाज बंदर दिसू लागल्यावर वादळात सापडून बुडाले, आणि त्यातील शंभराहून अधिक जण मरण पावले. माझ्या व्यवसायातील इतकी माणसे एकाच वेळी समुद्रात गेली, हे त्या दगडापुढे उभे राहून वाचताना मला बोलवेना.

त्सुशिमाचा इतिहास मला आपल्या दोघांनाही पुन्हा सांगावासा वाटतो, कारण सरकारांच्या भाषणांत तो क्वचितच येतो. खडकाळ जमिनीमुळे भात पिकत नाही, म्हणून हे बेट शतकानुशतके कोरियाशी होणाऱ्या व्यापारावर जगले. 1592 ते 1598 या काळात जपानी सैन्याने कोरियावर दोनदा स्वारी केली आणि तो देश उद्ध्वस्त केला, तेव्हा त्या व्यापाराचा मार्ग बंद झाला. तो पुन्हा उघडावा म्हणून त्सुशिमाच्या सरदारांनी दोन्ही दरबारांच्या पत्रांत परस्पर फेरफार केले, आणि पुढे उघडकीस आलेल्या या प्रकरणाचा निवाडा 1635 मध्ये झाला. बनावट पत्रांचे समर्थन मी करत नाही. पण शोगूनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, सरदार घराण्याला अभय दिले, कारण सीमेवरच्या माणसांशिवाय शेजारधर्म चालत नाही हे त्यालाही कळत होते. 1607 ते 1811 या दोन शतकांत कोरियाची बारा शिष्टमंडळे जपानला गेली. त्यांची कागदपत्रे आणि चित्रे दोन्ही देशांतील संस्थांनी एकत्र येऊन सादर केली आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्या काळात बुसानमध्ये त्सुशिमाच्या लोकांची वसाहत होती. आमेनोमोरी होशू हा त्सुशिमाचा पंडित तिथे राहून कोरियन शिकला, 1727 मध्ये त्याने बेटावर कोरियन भाषेची शाळा काढली, आणि पुढच्या वर्षी आपल्या सरदाराला सादर केलेल्या टिपणात त्याने लिहिले की एकमेकांना फसवू नये, भांडू नये आणि खरेपणाने वागावे, यालाच प्रामाणिक शेजारधर्म म्हणतात. 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष रो ते-ऊ यांनी टोकियोच्या राजवाड्यातील मेजवानीत त्याचे नाव घेतले, तेव्हा बहुतेक जपानी लोकांनी ते पहिल्यांदाच ऐकले असावे.

याच बेटावर अलीकडे एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते. 2012 मध्ये कोरियन चोरांनी त्सुशिमातील कान्नोन्जी मंदिरातून अवलोकितेश्वराची एक मूर्ती पळवली. ही मूर्ती 1330 साली कोरियातील सॉसान इथल्या बुसॉकसा मंदिरासाठी घडवलेली होती आणि पुढे समुद्री चाच्यांनी ती नेली असावी, म्हणून बुसॉकसाने ती मागितली. त्सुशिमात इतका राग पेटला की 2013 च्या बंदर उत्सवात कोरियन शिष्टमंडळाची पारंपरिक मिरवणूकही निघाली नाही. 2016 मध्ये सुरू झालेला खटला सात वर्षे चालला. ऑक्टोबर 2023 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूर्तीची मालकी जपानी मंदिराकडे असल्याचा निकाल दिला. हे तेच न्यायालय, ज्याचा 2018 चा निकाल टोकियोने अमान्य केला होता. यानंतर जे झाले ते मला अतिशय मोलाचे वाटते. कान्नोन्जीने आपली झालेली मूर्ती शंभर दिवसांसाठी बुसॉकसाला पूजेला दिली, आणि मे 2025 मध्ये ती त्सुशिमाला परत आली. सातशे वर्षे जुन्या मूर्तीचा वाद असा सुटला. कोण बरोबर होते हे न्यायालयाने ठरवले, आणि दुसऱ्याच्या मनाला काय लागले आहे हे मंदिराने ओळखले. आपल्या दोन सरकारांना इतर प्रकरणांत हे जमलेले नाही.

पैशाच्या बाजूचा इतिहासही मला माहीत असल्याइतका सांगते. 22 जून 1965 च्या करारानुसार जपानने कोरियाला 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज दिले. त्याच्या विरोधात कोरियात इतकी निदर्शने झाली होती की 1964 मध्ये सोलमध्ये लष्करी कायदा लावला गेला. त्या पैशातील मोठा वाटा पोहांगचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी गेला, आणि तंत्रज्ञानाची मदत त्याच जपानी पोलाद उद्योगाने केली, ज्याच्या भट्ट्यांवर कोरियन मजूर राबवले गेले होते. 1973 मध्ये पोहांगचा कारखाना सुरू झाला आणि कोरियाच्या उद्योगांचा तो कणा ठरला. पोहांगच्या त्या कंपनीचा, म्हणजे पोस्कोचा, एक कारखाना आज आमच्या रायगड जिल्ह्यात विळे-भागाडला आहे. ज्यांच्या दुःखाच्या नावाने तो पैसा आला, त्यांच्या हाती मात्र त्यातले फारच थोडे पडले. 1970 च्या दशकात कोरियन सरकारने मृतांच्या काही हजार कुटुंबांना किरकोळ रक्कम दिली. म्हणजे जपानने पैसे दिले हे खरे, आणि मजुरांना ते मिळाले नाहीत हेही खरे. कोरियाने ही दुसरी गोष्ट आपल्या लोकांना अधिक मोकळेपणाने सांगायला हवी होती, आणि जपानने पैसे दिले म्हणून माफीचे काम संपले असे मानायला नको होते.

2015 च्या डिसेंबरमध्ये, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीत ‘कम्फर्ट विमेन’ या सौम्य नावाखाली ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्या स्त्रियांविषयी असाच एक करार झाला. जपानने एक अब्ज येन दिले, आणि दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी विषय अंतिमतः आणि कधीही न उलटता येण्याजोगा मिटल्याचे जाहीर केले. 1991 मध्ये किम हाक-सुन या वृद्धेने पहिल्यांदा आपले नाव सांगून, चेहरा दाखवून जगापुढे साक्ष दिली होती. तिच्यासारख्या हयात स्त्रियांना करार करताना नीट विचारलेच गेले नव्हते. करारातून निघालेला निधी तीन-चार वर्षांत विसर्जित झाला. आता त्या स्त्रियांपैकी कोरियात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. 2023 मध्ये मजुरांच्या प्रश्नावर कोरियन सरकारने आपल्या देशातील कंपन्यांच्या देणग्यांतून भरपाई देण्याचा मार्ग काढला. राजकीय कोंडी फुटली, आणि तो निर्णय घ्यायला धैर्य लागले हे मी मान्य करते. पण आदेश ज्यांच्यावर होता त्या जपानी कंपन्यांनी त्यात काही घातले नाही. दुभाषी म्हणून मी एक गोष्ट शिकले आहे. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो माणूस खोलीत नसेल, तर झालेला समझोता कागदावर कितीही चांगला उतरला तरी टिकत नाही.

1998 चे उदाहरण वेगळे होते. 8 ऑक्टोबर रोजी पंतप्रधान ओबुची केइझो यांनी वसाहतकाळातील अन्यायाबद्दल लेखी स्वरूपात खेद आणि माफी व्यक्त केली, आणि राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी ती स्वीकारली. किम हे तेच, ज्यांना 1973 मध्ये कोरियाच्याच गुप्तहेरांनी टोकियोच्या हॉटेलातून पळवून नेले होते. जपानच्या संसदेत बोलताना त्यांनी सांगितले की पन्नास वर्षांहूनही कमी काळाच्या दुर्दैवामुळे दीड हजार वर्षांची देवाणघेवाण निरर्थक ठरवणे शहाणपणाचे नाही. त्यानंतर कोरियाने जपानी चित्रपट-गाण्यांवरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवली. कोरियाची संस्कृती जपानी लाटेत वाहून जाईल अशी भीती तेव्हा अनेकांना वाटत होती; पाच वर्षांतच कोरियन मालिका जपानमध्ये घरोघरी पोहोचल्या. पण 1998 चा तो जाहीरनामाही पुढच्या नेत्यांवर बंधनकारक नव्हता.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की आपल्या दोन्ही संसदांनी समान मजकुराचा कायदा करावा. न्यायालयाचा निकाल किंवा इतिहासाविषयीचा वाद हे कारण दाखवून वा त्यासाठी दुसरे निमित्त पुढे करून कोणतेही सरकार दुसऱ्या देशाच्या व्यापारावर निर्बंध घालणार नाही, आणि सुरक्षेच्या खऱ्या कारणासाठी निर्बंध घालायचे झाले तर किमान साठ दिवस आधी दोन्ही संसदांच्या संयुक्त समितीपुढे त्याची कारणे मांडावी लागतील, असे त्यात असावे. असा कायदा सरकारांना गैरसोयीचा वाटेल. संसद त्यासाठीच असते.

दुसरी मागणी चोसेइ खाणीविषयी आहे, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीची आहे. जपानच्या यामागुची प्रांतातील उबे शहराच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रातून वर आलेले दोन गोल, जाड नळकांड्यांसारखे खांब दिसतात. समुद्रतळाखालच्या कोळसा खाणीला हवा मिळावी म्हणून बांधलेले हे झरोके आहेत. 3 फेब्रुवारी 1942 च्या सकाळी समुद्राचे पाणी खाणीत घुसले आणि 183 माणसे बुडाली. त्यांतील 136 कोरियन आणि 47 जपानी होती. मृतदेह कुणी बाहेर काढले नाहीत. जपानमधील सामान्य नागरिकांच्या एका गटाने 1991 पासून या माणसांची नावे शोधली, स्मारक उभारले, लोकांकडून पैसे गोळा केले, 2024 मध्ये खाणीचे बुजलेले तोंड खणून उघडले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोरियन गोताखोरांनी आत जाऊन मानवी हाडे वर आणली. आपल्या दोन देशांच्या नागरिकांनी, सरकारांची वाट न पाहता, हे केले. सरकारांनी आता केवळ डीएनए तपासणीपुरते थांबू नये. खाणीतील शोधाची जबाबदारी, खर्च आणि गोताखोरांची सुरक्षितता दोन्ही सरकारांनी आपल्याकडे घ्यावी, आणि सापडलेली प्रत्येक अस्थी तिच्या गावी, कुटुंबाकडे जावी. यात वादग्रस्त डोकडो (जपानी नाव ताकेशिमा) बेटांच्या मालकीचा प्रश्न येत नाही आणि कराराच्या कलमांचाही नाही. गेलेल्या माणसाच्या अस्थी घरी आणणे हे काम कुठल्याही देशातल्या माणसाला समजते. आमच्याकडेही अस्थी विसर्जित झाल्याशिवाय घर मोकळे होत नाही.

आर्थिक बाबींपैकी एकीची तारीख ठरलेली आहे. जेजू बेटाच्या दक्षिणेला समुद्रतळाचा जो भाग आपण 1974 मध्ये सही झालेल्या आणि 1978 मध्ये लागू झालेल्या कराराने संयुक्त विकासासाठी राखून ठेवला, त्याची पन्नास वर्षांची मुदत 22 जून 2028 रोजी संपते, आणि करारातून बाहेर पडण्याची सूचना देण्याचा हक्क दोघांनाही जून 2025 पासून मिळाला आहे. तिथे तेल किंवा वायू किती आहे यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की, सीमेचा वाद बाजूला ठेवून एकत्र काम करायचे, असे आपण एकदा ठरवले होते. तो करार निव्वळ मुदत संपली म्हणून बुडू देऊ नका. तो संपला तर त्या पाण्यात तिसरा शेजारी, चीनही उतरेल, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. मासेमारीचेही असेच आहे. एकमेकांच्या आर्थिक क्षेत्रात मासे धरण्याची सवलत 2016 च्या मध्यापासून बंद आहे, आणि तिची झळ राजधानीत कुणाला बसत नाही; त्सुशिमा आणि बुसानच्या कोळ्यांना बसते.

द्विपक्षीय मुक्त व्यापार कराराची बोलणी 2003 मध्ये सुरू होऊन 2004 मध्ये थांबली ती कायमची. आज आपल्या दोघांना जोडणारा मोठा व्यापार करार एकच, आरसेप, तोही पंधरा देशांचा. कोरियाने पॅसिफिकच्या दोन्ही काठांवरील देशांच्या सीपीटीपीपी या व्यापार करारात यावे असे मला वाटते. त्यासाठी फुकुशिमासह आठ प्रांतांच्या माशांवरची 2013 पासूनची बंदी हा अडथळा आहे. बंदी एकदम उठवा असे मी म्हणणार नाही, कारण कोरियन आयांची काळजी खोटी नाही. दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी त्याच बंदरांतून तेच नमुने एकत्र घ्यावेत आणि निकाल दोन्ही भाषांत एकाच दिवशी जाहीर करावेत, इतके तरी उद्यापासून करता येईल. 2025 मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्कापुढे आपण दोघेही स्वतंत्रपणे उभे राहिलात, दोघांनाही 15 टक्के शुल्क मान्य करावे लागले आणि दोघांनीही मोठ्या गुंतवणुकीची आश्वासने दिली. एकत्र बसून आधी बोलला असतात तर निकाल वेगळा लागला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही; पण बोलायला हवे होते.

सामान्य माणसे सरकारांच्या पुढे गेली आहेत. 2024 मध्ये 88 लाख कोरियन लोक जपानला गेले आणि 32 लाख जपानी कोरियाला. कोरियात 2023 मध्ये एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांचे सरासरी प्रमाण 0.72 पर्यंत खाली आले आणि जपानमध्ये 1.20 पर्यंत, रिकाम्या शाळा आणि एकटे म्हातारे हा दोघांचा सारखाच प्रश्न आहे, आणि त्यावर एकमेकांपासून शिकण्यासारखे बरेच आहे. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एका मुलीने जपानी आणि कोरियन दोन्ही भाषा एकाच वेळी घेतल्या. वाक्यरचना मराठीसारखीच आहे, क्रियापद शेवटी येते, त्यामुळे दोन्ही सोप्या जातात, असे तिचे म्हणणे होते. आपल्या शाळांत एकमेकांची भाषा पर्याय म्हणून शिकवली जावी, आणि ज्यांना ती शिकायची आहे त्यांना आमेनोमोरी होशूच्या नावाने शिष्यवृत्ती मिळावी, ही माझी तिसरी मागणी आहे.

26 जानेवारी 2001 च्या संध्याकाळी टोकियोच्या शिन-ओकुबो स्टेशनवर एक माणूस रुळांवर पडला. त्याला वाचवायला ली सू-ह्यॉन हा कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी छायाचित्रकार असे दोघे खाली उतरले, आणि तिघेही गाडीखाली गेले. स्टेशनच्या भिंतीवर जपानी आणि कोरियन अशा दोन भाषांत लिहिलेला एक फलक आहे. मी टोकियोला गेले की तिथे जाते. मागच्या खेपेला फलकापुढे शाळेच्या गणवेशातील दोन जपानी मुली कोरियन ओळ बोटाने दाखवत वाचत होत्या. एक अक्षर त्यांना अडले, तेव्हा मी ते सांगितले.

आपल्या पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर चोसेइ खाण आणि 22 जून 2028 ही तारीख हे दोन विषय असावेत, आणि व्यापारबंदीविषयीच्या समान कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी एक संयुक्त समिती त्याच बैठकीत नेमावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उत्तर जपानी किंवा कोरियन, कोणत्याही भाषेत दिलेत तरी मी त्याचे मराठी करून इथल्या विद्यार्थ्यांपुढे वाचून दाखवीन.

आपली नम्र,
पुण्यातील एक दुभाषी